बाळाच्या हृदयाचे दोष: थांबावे कधी, थांबू नये कधी

बालहृदयरोगतज्ज्ञ म्हणून पालकांकडून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांच्या मुळाशी बहुधा एकच गोंधळ असतो: कोणत्या मुलाच्या बाबतीत वाट पाहणे सुरक्षित आहे आणि कोणाच्या बाबतीत घातक, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते. म्हणून त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. ती सर्वसाधारण आहेत. आपल्या बाळाचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न: मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे मुलाला नेले तर चालणार नाही का? बालहृदयरोगतज्ज्ञाचे शिक्षण वेगळे असते का?

वेगळे असते. आमच्यापैकी बहुतेक जण आधी बालरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर बालहृदयरोगाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतात, कारण मुलांचे हृदयविकार बहुतांशी जन्मजात रचनेचे दोष असतात. जन्मणाऱ्या दर 1000 बाळांपैकी साधारण 8 ते 10 बाळांत असा लहानमोठा दोष आढळतो. शस्त्रक्रिया मात्र बालहृदयशल्यचिकित्सक करतात.

प्रश्न: शाळेतील तपासणीत 6 वर्षांच्या मुलाच्या छातीत ‘मर्मर’ (हृदयातून रक्त वाहताना येणारा जादा आवाज) ऐकू आला. तो भरपूर खेळतो. काळजीचे कारण आहे का?

बहुधा नाही. अनेक निरोगी मुलांत असा निर्दोष आवाज ऐकू येतो, तरी एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. आवाज निर्दोष असल्याचे सांगितले गेले, तर मुलाचा खेळ बंद करू नये.

प्रश्न: आमच्या 4 महिन्यांच्या मुलीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र आहे. डॉक्टर लगेच शस्त्रक्रिया करण्यास सांगतात. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, बाळसे धरू द्या, वजन 10 किलो झाल्यावर पाहू. शिवाय हल्ली तिची धापही कमी झाली आहे.

या प्रश्नाचे उत्तर मी विस्ताराने देणार आहे, कारण थांबण्याच्या याच सल्ल्यामुळे वाचू शकणारी मुले हातची जाताना मी पाहतो.

जन्मानंतर पहिले काही आठवडे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील रोध जास्त असतो, त्यामुळे मोठे छिद्र असूनही बाळ ठणठणीत दिसू शकते. साधारण दुसऱ्या महिन्यापर्यंत हा रोध उतरतो आणि डाव्या कप्प्यातील रक्त छिद्रातून उजवीकडे व तेथून फुप्फुसांत जोराने शिरू लागते. बाळ दूध पिताना थांबते, कपाळाला घाम येतो, श्वास भरभर चालतो आणि वजन वाढेनासे होते. वजन न वाढण्याचे कारण छिद्रच असल्यामुळे, वजन वाढल्यावर छिद्र बंद करू असे म्हणणे म्हणजे कारण तसेच ठेवून परिणाम टळण्याची वाट पाहणे होय.

धाप कमी होण्याची कारणे दोन असू शकतात. छिद्र खरोखर लहान झाले असेल किंवा औषधांनी भार उतरला असेल, तर ती आनंदाची गोष्ट आहे. परंतु जास्त दाबाने वाहणाऱ्या रक्तामुळे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत गेल्या, की त्यांत शिरणारे रक्त कमी होते, धाप थांबते, मर्मरही मंद होतो, आणि घरचे समाधानाने म्हणतात की मूल सुधारले. प्रत्यक्षात त्याच काळात उपचाराची संधी निसटत असते. पुढे प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त शरीरात जाऊ लागते आणि मूल निळे पडते. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी 1897 साली वर्णन केलेली ही अवस्था एकदा पक्की झाली, की छिद्र बंद करणेच जिवावर बेतते, कारण तोवर उजव्या कप्प्याला दाब उतरवण्यासाठी तेवढीच वाट उरलेली असते.

ही दोन कारणे आईवडिलांना डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. एको (हृदयाची सोनोग्राफी) करूनच ती ओळखावी लागतात. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत रक्तवाहिन्यांची ही हानी आणखी लवकर होते. लहान छिद्रे, विशेषतः पडद्याच्या स्नायूमय भागातील, अनेकदा आपोआप बुजतात आणि तेथे थांबणे योग्यच असते. मोठ्या छिद्रासाठी तोच नियम लावता येत नाही. अनुभवी केंद्रांत 4-5 किलो वजनाच्या बाळांवरही ही शस्त्रक्रिया नेहमी केली जाते. शंका असल्यास दुसऱ्या बालहृदयरोगतज्ज्ञाचे मत याच आठवड्यात घ्या, पण दहाव्या किलोची वाट पाहू नका.

प्रश्न: छिद्र बुजवणाऱ्या थेंबांची जाहिरात पाहिली. ते द्यावेत का?

देऊ नयेत. हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवणारे औषध अस्तित्वात नाही. आम्ही देतो ती लघवीवाटे पाणी काढणारी औषधे फक्त हृदयावरचा भार हलका करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत जन्मानंतर उघडी राहिलेली एक रक्तवाहिनी औषधाने बंद करता येते, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि ते काम रुग्णालयातच होते. जाहिरातदार जे छिद्र आपसूक बुजणारच होते त्याचे अहवाल पुढे करतात आणि श्रेय बाटलीला देतात. ज्या मुलांचे महिने त्या बाटलीपायी वाया गेले, त्यांचे अहवाल कोणी छापत नाही. काही छिद्रे कॅथेटरद्वारे, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीद्वारे, उपकरण बसवून छाती न उघडता बंद करता येतात, परंतु त्यासाठी छिद्राची जागा व कडा योग्य आहेत का, हे तज्ज्ञच ठरवतात.

प्रश्न: 8 महिन्यांचा मुलगा रडताना ओठ काळेनिळे पडतात आणि नंतर तो मलूल होतो. शेजारी म्हणतात, रडक्या मुलांचे असे होतेच.

असे गृहीत धरू नका. नवजात बाळाचे तळहात-तळपाय थंडीने निळसर होऊ शकतात. ओठ आणि जीभ निळी होणे मात्र नेहमीच तपासण्याजोगे असते. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या, हृदयात चार दोष एकत्र असलेल्या जन्मजात विकारात असे झटके येतात. झटका आल्यास बाळाचे गुडघे छातीशी दुमडून त्याला शांत करा आणि तत्काळ रुग्णालय गाठा. झटका ओसरला तरी तपासणी पुढे ढकलू नका.

प्रश्न: संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या मुलीला दर 3 आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन असते. ती बरी आहे, बंद करावे का?

नाही. ताप उलटला तर झडप आणखी बिघडते; इंजेक्शन किती वर्षे घ्यायचे, हे तिचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न: पहिल्या बाळाला हृदयदोष होता. आता पुन्हा दिवस गेले आहेत. काय करावे?

धोका थोडा वाढलेला असतो, पण बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. गर्भाच्या हृदयाची एको तपासणी 18 ते 22 आठवड्यांच्या दरम्यान करून घ्या आणि तिची वेळ आजच प्रसूतितज्ज्ञांशी बोलून ठरवा.