गलाईवाल्याच्या पोराने कशावर रिॲक्ट व्हावं?

पत्र विट्याचं आहे, जिल्हा सांगली. मुलगा 19 वर्षांचा, एस.वाय.बी.कॉम.ला. नाव देऊ नका म्हणालाय म्हणून देत नाही. म्हणणं थोडक्यात असं: "मॅडम, दीड वर्ष झालं रिॲक्शन चॅनल चालवतोय, ट्रेलर आणि व्हायरल क्लिपांवर. 61 व्हिडिओ टाकले, सबस्क्रायबर 340. लोक तिसाव्या सेकंदाला निघून जातात. कॉलेज सोडून फुल टाइम केलं तर वाढेल का? 55 हजारांचा कॅमेरा घ्यायचा विचार आहे. बाबा कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम करतात, ते म्हणतात दुसऱ्याचं बघून आ वासायचे पैसे कोण देतं? सुट्टीत मी पण दुकानावर असतो. काय करू?"

बाळा, तुझे पाच व्हिडिओ मी पूर्ण पाहिले, आणि पूर्ण पाहणारी बहुतेक मी एकटीच असेन. राग मानू नकोस, पण चार एकाच साच्यातले आहेत. पहिली 40 सेकंद नमस्कार मित्रांनो कसे आहात मजेत ना, चॅनलवर नवीन असाल तर वगैरे, मग ट्रेलर सुरू, तू कोपऱ्यातल्या चौकोनात, दोन मिनिटं काहीच नाही, मध्येच एकदम "ओ भाईऽऽ", परत शांत, आणि शेवटी "एक नंबर, तुम्हाला कसा वाटला कमेंट करा". आता तूच सांग, यातनं तुला काढून टाकलं तर काय कमी होईल? ट्रेलर तर त्यांच्या स्वतःच्या चॅनलवर चांगल्या क्वालिटीत पडलेलाच आहे. तिसाव्या सेकंदाला लोक जातात कारण तोवर तू सुरूच झालेला नसतोस.

पाचवा मात्र वेगळा निघाला. त्यात कोणीतरी घरच्या गॅसवर कढईत सोन्याची चेन ठेवून वितळवल्याची क्लिप आहे, आणि तू हसत हसत बोलून गेलास, "एवढ्या जाळावर सोनं नाय वितळत ओ, हे कथील असंल." आणि लगेच पुढच्या क्लिपवर गेलास! मी तेवढा भाग तीनदा मागे घेऊन पाहिला. सोनं वितळायला 1064 अंश सेल्सिअस लागतात, कथील 232 ला पाणी होतं, हे मला गूगल करावं लागलं आणि तुला नुसत्या जाळाच्या रंगावरून कळलं. खाली कमेंट किती आहेत बघितलंस का, नऊ, त्यातल्या सहा याच वाक्यावर. एकाने तर विचारलंय की मग खरं कसं वितळवतात. तू त्याला हार्टवाला इमोजी टाकून मोकळा झालास.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कमेंटमध्येच आहे.

बघ, रिॲक्शन व्हिडिओ ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या फाइन ब्रदर्सनी 2010 मध्ये लहान मुलांना व्हायरल व्हिडिओ दाखवून त्यांचे चेहरे शूट करायची मालिका सुरू केली, तेव्हा नुसता चेहरा पुरत होता कारण ते नवीन होतं. (पुढे 2016 मध्ये त्यांनी 'रिॲक्ट' हा शब्दच ट्रेडमार्क करायचा घाट घातला आणि लोक एवढे खवळले की काही दिवसांत गुंडाळावा लागला, तो किस्सा कधीतरी वाच.) आता चेहरे फुकट आहेत, प्रत्येकाकडे फोन आहे. आता चालतं ते जाणकाराचं बघणं. हॉस्पिटलच्या सीनवर डॉक्टर बोलतो, विमानाच्या सीनवर पायलट, रेसिपीवर शेफ. आपल्याला दिसत नाही ते त्यांना दिसतं, म्हणून आपण थांबतो. आणि तुझ्या घरात दोन पिढ्या मूस (सोनं वितळवायचं भांडं), टाकणखार (वितळवताना टाकतात तो क्षार) आणि तेजाब (ॲसिड) यांच्यात गेल्यात, खानापूर-आटपाडीकडची किती माणसं या धंद्यापायी देशभर पसरलीत, तरी तू ट्रेलर बघत बसलायस!

विषयांना तोटा नाही रे. सिमकार्ड आणि जुन्या मोबाइलमधून सोनं काढायचे व्हिडिओ बघ, लोक खुळ्यासारखे बघतात. त्यावर तू सांगू शकतोस की तिथे सोनं म्हणजे केसाहूनही पातळ मुलामा असतो, वर जो तांबडा धूर येतोय तो विषारी आहे, आणि हा माणूस बंद खोलीत हातमोज्याशिवाय काम करतोय म्हणजे किती मोठा मूर्ख आहे. लोहचुंबकाने सोनं ओळखा, लिंबाने ओळखा, व्हिनेगरने ओळखा, हे सगळं आहेच. सिनेमातली दरोड्याची दृश्यं घे, पोरगं सोन्याच्या विटा भरलेली बॅग खांद्यावर टाकून पळतं, तर थांबवून विचार की बाबा एक वीट साडेबारा किलोच्या आसपास असते, दहा विटा घेऊन पळून दाखव. ग्राहकाच्या कामाचंही घे. 22 कॅरेटवर 916 का लिहितात, जुना दागिना मोडताना घट का धरतात, आणि 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर जो सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक लागतो तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कसा तपासायचा. लग्नसराईच्या आधी हे मराठीत नीट सांगणारा पोरगा मिळाला तर माझी वहिनीच तुला दहा ग्रुपवर फॉरवर्ड करेल.

दोन गोष्टी मात्र आत्ताच सांगून ठेवते. तेजाब, भट्टी यातलं काहीही कॅमेऱ्यासमोर स्वतः करून दाखवायचं नाही, बघून कोणीतरी घरी करेल. आणि दुकान कुठे, माल कधी येतो, गिऱ्हाईक कोण, यातलं एक अक्षर किंवा एक फ्रेम बाहेर जाता कामा नये. सोन्याचा धंदा आहे तो. मागे भिंत ठेव कोरी.

आता बनवायचं कसं. क्लिप सुरू व्हायच्या आधी दहा सेकंदांत पैज लाव, म्हणजे "हा माणूस म्हणतोय शंभर सिमकार्डातून एक तोळा काढला, मला वाटतं थापा मारतोय, चला बघू." झालं, आता माणूस निकाल बघायला थांबणार. नमस्कार मित्रांनो नंतर म्हण, किंवा नाही म्हटलास तरी कोणी रागावणार नाही. पहिल्यांदा बघतानाच रेकॉर्ड कर. आधी तीनदा बघून मग चकित व्हायचं नाटक लगेच पकडलं जातं, कारण गोष्ट घडायच्या आधीच डोळे तिकडे जातात, तुझ्या दोन ट्रेलरमध्ये मला ते दिसलं. पण पहिल्यांदा बघताना हुशारीचं काही सुचत नाही ही पण खरी अडचण आहे, म्हणून दोन बैठका कर. पहिल्या बैठकीत नुसतं बघ, थांबव, जे तोंडात येईल ते बोल. मग एक दिवस जाऊ दे, बाबांना फोन कर, माहिती काढ, आणि दुसऱ्या बैठकीत "काल मी हे म्हणालो होतो, ते अर्धं चुकलं" असं सांगत बोल. चूक कबूल करणारा माणूस लोकांना फार आवडतो, का ते मला माहीत नाही पण आवडतो.

ओरडायचं कमी कर. तू मुळात शांत मुलगा आहेस, त्या "ओ भाई"मध्ये तू दिसतच नाहीस, कुठल्यातरी हिंदी यूट्यूबरची कॉपी वाटते. "नाय ओ" म्हणालास तिथे तू दिसलास. विट्याची भाषा आहे तीच ठेव, पुणेरी करायला जाऊ नकोस.

एडिटिंगमध्ये एकच नियम पाळ, क्लिप सलग 15-20 सेकंदांच्या वर चालू द्यायची नाही, तू बोलणार असशील तिथे थांबलीच पाहिजे. 25 मिनिटं रेकॉर्ड झालं तर 9 मिनिटं ठेव. यूट्यूब स्टुडिओमध्ये रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठवर थांबले त्याचा ग्राफ असतो, तो जिथे दाणकन खाली येतो तिथे स्वतःचा व्हिडिओ लावून बघ, नव्वद टक्के वेळा तिथे तू तरी गप्प असशील नाहीतर तेच तेच बोलत असशील.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर नको. 55 हजार बाजूला ठेव, किंवा खरं तर बाबांना परत दे. तुझा चेहरा फोनमध्ये स्वच्छ दिसतोय, वाईट आहे तो आवाज, स्पीकरमधून क्लिपचा आवाज तुझ्या माइकमध्ये घुसतोय आणि सगळा घोळ होतोय. हेडफोन घाल, हजार-दीड हजारात कॉलर माइक मिळतो तो घे, खिडकीकडे तोंड करून बस. स्क्रीन रेकॉर्डिंगला ओबीएस फुकट आहे, एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे, कॉम्प्युटर साधा असेल तर जरा कुंथेल पण चालेल.

आता कॉपीराइट, कारण हे तू पत्रात विचारलंच नाहीस आणि विचारायला हवं होतंस. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी दुसऱ्याच्या कामाचा रास्त वापर करायला मुभा आहे. पण मुभा टीकेला आहे, बघण्याला नाही. अमेरिकेत 2016 मध्ये एच3एच3 नावाच्या चॅनलच्या क्लाइन दांपत्यावर केस झाली होती, त्यांनी दुसऱ्याच्या साधारण साडेपाच मिनिटांच्या व्हिडिओतली सव्वातीन मिनिटं वापरली होती तरी 2017 मध्ये ते जिंकले, कारण त्यांचा स्वतःचा व्हिडिओ जवळपास 14 मिनिटांचा होता आणि मध्ये मध्ये सतत त्यांची टीका होती. त्याच निकालात न्यायाधीशांनी हेही लिहून ठेवलं की काही रिॲक्शन व्हिडिओ म्हणजे नुसतं घोळक्याने बसून बघणं असतं. तुझे ट्रेलर त्या घोळक्यात बसतात रे. म्हणजे बघ, जे प्रेक्षकाला बांधून ठेवतं, साधारण तेच तुला कॉपीराइटच्या भानगडीतूनही वाचवतं.

तरी दुसऱ्याचं गाणं-व्हिडिओ ओळखणारं यूट्यूबचं कंटेंट आयडी हे मशीन आहे, त्याला कलम कळत नाही. गाणं वाजलं की पकडतं. त्यातून आलेला क्लेम म्हणजे बहुतेकदा त्या व्हिडिओचे पैसे दुसऱ्याला, त्यावर हरकत घेता येते. स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून चॅनलला लागणारा ठपका, मात्र गंभीर, 90 दिवसांत तीन झाले की चॅनलच जाऊ शकतं. सोन्याच्या भावाच्या बातम्यांवर बोलायचा मोह होईल तुला, तिथे न्यूजची क्लिप उचलू नकोस. 2025 च्या मे महिन्यात मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीर सांगितलं की काही सेकंदांच्या क्लिपांवरून एएनआय या वृत्तसंस्थेने त्याला स्ट्राइक दिले, पुढे प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. कोण बरोबर ते कोर्ट बघेल, तुला त्या भानगडीत पडायची गरजच नाही, भाव कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धर.

पैशाचं पण ऐक. जाहिरातीतले पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास वॉचटाइम लागतो, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. तेवढं झालं तरी यूट्यूबचा माणूस तुझं चॅनल तपासतो आणि नुसतं दुसऱ्याचं उचललेलं वाटलं तर नाही म्हणतो. मिळाले तर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के तुझे, शॉर्ट्सचे 45, आणि 100 डॉलर जमल्याशिवाय खात्यात येत नाहीत. मराठी प्रेक्षकांच्या व्ह्यूजला अमेरिकेतल्या व्ह्यूजच्या मानाने फारच कमी पैसे पडतात. यावर घर चालवायचा हिशोब आज कोणी मांडून दाखवला तर त्याच्याकडून कोर्स विकत घेऊ नकोस.

म्हणून कॉलेज सोडायचं नाही, हा विषय संपला. आठवड्याला एक व्हिडिओ, बी.कॉम. पूर्ण होईपर्यंत. तोवर एडिटिंगचा हात बसेल, आणि तो हात विकला जातो, सांगली-कोल्हापुरातल्या कितीतरी सराफांना रील करून देणारं माणूस हवं असतं आणि त्यांना टंच (सोन्याची शुद्धता) आणि कॅरेट कळणारा एडिटर कुठून मिळणार? पदवीनंतर पत्रकारितेकडे वळायचं तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, धंद्याकडे वळायचं तर मुंबईत आयआयजीजेमध्ये दागिन्यांचे कोर्स आहेत, हॉलमार्किंग सेंटरमध्येही नोकऱ्या असतात. तेव्हा चॅनल चालत असेल तर ठीक, नसेल तरी तू रिकामा नसशील.

बाबांचं राहिलं. त्यांना चॅनल दाखवून पटवायला जाऊ नकोस, ते ट्रेलर बघून अजून चिडतील. आज रात्री दुकान बंद झाल्यावर फोन कर आणि एवढंच विचार, "बाबा, गॅसवर कढईत सोनं का वितळत नाही?" ते पहिली दोन मिनिटं तुला वेड्यात काढतील, मग बोलायला लागतील. तेव्हा मध्ये बोलू नकोस, वही घेऊन बस.