बाळ किती महिन्यांचं दिसतं?

जून-जुलैत अकरावीचे, इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की माझ्याकडे समुपदेशनाला एक ठरलेलं दुखणं येतं. बाई चाळिशी ओलांडलेली, मुलं हाताशी आलेली. आधी झोप लागत नाही म्हणते, मग चिडचिड होते म्हणते, आणि निघताना दाराशी चपला घालता घालता खरं सांगते, "मॅडम, हसू नका, पण मला अजून एक बाळ हवंय." गेल्या पावसाळ्यात हे तीनदा ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

त्यातल्या एकीला आपण सुजाता म्हणू. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय 42, नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी, नवरा सातपूरला कारखान्यात. मुलगी 19 वर्षांची, पुण्याला हॉस्टेलवर. मुलगा सोळाचा, सदा खोलीचं दार लावून. एके दिवशी सुजाताने माळ्यावरची झबली-टोपडी काढून धुतली आणि गॅलरीत टॉवेलांच्या मागच्या दोरीवर वाळत घातली, कोणाला दिसू नयेत म्हणून. सुट्टीला आलेल्या लेकीला नेमकी दिसली. "आई, कोणाची गं ही?" "द्यायचीत कोणाला तरी," म्हणून सुजाता आत गेली ती उशीत तोंड खुपसून रडली.

मैत्रिणी म्हणाल्या, लेक गेली म्हणून घर खायला उठलंय, कुत्रं पाळ. जाऊबाई म्हणाल्या, लेकीचं लग्न आणि तुझ्या बाळाचं बारसं एकाच मांडवात उरकू. अशा चेष्टेने बाई गप्प होते, पण ओढ जात नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीत माझी घडण झाली. इच्छा असणं आणि ती पुरी झालीच पाहिजे असा हट्ट धरणं, यातला फरक उलगडून दाखवणं हा माझा हातखंडा. तो मी दाखवला. हिशेबही मांडला: बाळ दहावीला जाईल तेव्हा तुम्ही साठीच्या उंबरठ्यावर, आणि यजमान अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतील तेव्हा ते सहावीत. तिने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात तशीच परत.

"पटतं हो सगळं. पण मांडी रिकामी वाटते, त्याचं काय करू?"

इथे आणखी जोर लावायचा मोह होतो. पूर्वी मीही लावत असे. पण माणूस मान डोलावतो आणि हलत नाही, तेव्हा आपण भलत्याच विचाराशी वाद घालत असतो, एवढं मला या खुर्चीने शिकवलं आहे. मी वही मिटली.

"ते बाळ डोळ्यांपुढे येतं, तेव्हा किती महिन्यांचं असतं?"

ती चमकली. "तीन-चार महिन्यांचं. नेहमीच."

"आणि तुम्ही काय करत असता?"

"आंघोळ घालत असते. पाटावर बसलेय, पाय पसरलेत, ते पायांवर पालथं आहे. पाठीवरून पाणी सोडतेय." बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या नडगीवरून फिरत होता.

"मुलांना किती महिने घातलीत अशी आंघोळ?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकदाही नाही. दोघांनाही सासूबाईंनीच घातली. मी पाणी उपसून द्यायचे. दूध पाजायला बाळ माझ्याकडे, ढेकर काढायला परत त्यांच्याकडे."

आणि मग, मी न विचारताच, "ऑपरेशनही तसंच झालं. दुसऱ्या वेळी मुलगा झाला तर सिझरमध्येच उरकून टाकू, असं बाहेर ठरलं होतं. मला कळा येत होत्या, कागद पुढे आला. सही माझीच आहे हो. पण 'पुरे' असं मी कधी म्हटलंच नाही."

सव्वीस वर्षांची होती तेव्हा. नसबंदीला कायद्याने बाईची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती लागते, नवऱ्याची लागत नाही. आपल्याकडे बहुतेकदा उलटंच चालतं. मी तिला नवं बाळ नको कसं हे पटवत होते, आणि ती सोळा वर्षांपूर्वीचं काही मागत होती. हे मला त्या दिवशी कळलं, आणि सांगायला हरकत नाही, माझ्याच प्रश्नाचं मला कौतुक वाटलं.

तेव्हापासून 'आता या वयात?' हे मी आधी विचारतच नाही. बाळ किती महिन्यांचं दिसतं ते विचारते. एकीला ते दप्तर लावून रिक्षाची वाट बघताना दिसायचं, तापाने फणफणलेलं दिसायचं. तिने चाळिसाव्या वर्षी तिसरं होऊ दिलं, ती मजेत आहे. फक्त मांडीवरचंच दिसत असेल, तर थोडं थांबा.

मात्र थांबणं म्हणजे महिनोन्महिने झुरणं नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटा, पाळीतले बदल सांगा, थायरॉइड आणि एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. रजोनिवृत्ती जवळ आली की मनही वरखाली होतं. आकडे डॉक्टरांच्या तोंडून ऐका: स्वतःच्या स्त्रीबीजातून गर्भ राहिला तर बाळाला डाऊन सिंड्रोम (वाढ आणि बुद्धी मंदावणारा जन्मजात दोष) असण्याची शक्यता चाळिसाव्या वर्षी साधारण शंभरात एक, पंचेचाळिसाव्या वर्षी तिसात एक. टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांना 2021 च्या कायद्याने बाईला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वर्षांची मर्यादा आहे. खासगी नोकरीत तिसऱ्या बाळंतपणाची पगारी रजा 26 नव्हे, 12 आठवडे. दत्तकाचं मनात असेल तर, घरात दोन मुलं असलेल्या जोडप्याला नात्याबाहेरून विशेष गरजा असलेलं किंवा सहजी घर न मिळणारं मूलच घेता येतं. ती जबाबदारी वेगळी आहे. मांडी भरायला मूल आणू नये.

आणि नवऱ्याशी बोला, पण 'हो की नाही' म्हणून नको. सुजाताच्या यजमानांना मी बोलावलं. ते गृहकर्ज नुकतंच फिटल्याचं सांगायच्या तयारीने आले होते. तिने कागदाची गोष्ट सांगितली. ते खाली बघत म्हणाले, "आई म्हणाली, मी डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं, तू सुटलीस." एवढंच. माफी वगैरे नाही. पण पुढच्या वेळी तिला सोडायला आले आणि बाहेर बसून राहिले.

डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये बंद केलेल्या नळ्या परत जोडण्यापासून टेस्ट ट्यूबपर्यंत सगळं समजावलं. यावेळी तिने कागद घरी नेऊन दोनदा वाचला आणि नको म्हणाली.

दिवाळीनंतर सिन्नरला तिची भावजय बाळंत झाली. सुजाताने पंधरा दिवस रजा टाकली आणि वहिनीला विचारून, हे मी मुद्दाम सांगितलं होतं, आंघोळीचं काम मागून घेतलं. परत आली ती हसतच.

"अहो, केवढं वळवळतं ते! तेलाने हातातून निसटतंच. चौथ्या दिवशी माझे गुडघे असे धरले, की वहिनीच्या आईने मला शेक दिला."

"आणि रडू?"

"येतं की अधूनमधून. परवा रिकामा पाट बघून आलं." मग पर्स उचलत म्हणाली, "ती झबली मात्र मी वहिनीला दिली नाहीत हं. आहेत माळ्यावर."