लीजची ८१ वर्षं उरलीत: आत्ता वाढवावं की नव्या कायद्यासाठी थांबावं?

प्रश्न: हॅरोला (लंडन) आमचा दोन बेडरूमचा लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचा) फ्लॅट आहे. किंमत सुमारे ३ लाख पौंड, लीजची ८१ वर्षं ३ महिने शिल्लक, ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) वर्षाला २०० पौंड, न वाढणारं. बचत १८ हजार पौंड. शिवाय ठाण्यात एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपया खातं) १२ लाखांची मुदत ठेव. फ्रीहोल्डरचं (इमारतीच्या मूळ मालकाचं) पत्र आलंय: साडेसहा हजार पौंडांत लीज पुन्हा ९९ वर्षांचं करून देतो, रेंट आहे तेवढंच. हे स्वीकारावं, नव्या कायद्याची वाट बघावी, की बचत गृहकर्जात भरावी?

उत्तर: तिन्ही नको. १९९३ च्या कायद्याखाली सेक्शन ४२ ची नोटीस (लीज वाढवून मिळण्याची हक्काची मागणी) द्या, आणि ८० वर्षांहून जास्त लीज शिल्लक असतानाच द्या. म्हणजे हाताशी सव्वा वर्ष आहे. सॉलिसिटर (वकील) आणि सर्व्हेअर (फ्लॅटचं मूल्य काढणारा) गाठण्यातच दोन-तीन महिने जातात, तेव्हा सुरुवात याच महिन्यात करा.

८० च्या रेषेला एवढं महत्त्व का? लीज वाढलं की फ्लॅटची किंमत वाढते. उरलेली मुदत ८० वर्षांहून जास्त असेल तर त्या वाढीतला वाटा फ्रीहोल्डरला मिळत नाही. त्याखाली गेलात की मॅरेज व्हॅल्यू म्हणून निम्मा हिस्सा त्याचा. तुमचेच आकडे घेतो. आज फ्रीहोल्डरला द्यायची रक्कम दोन भागांची. ८१ वर्षांनी फ्लॅट त्याच्या ताब्यात जाणार, त्याचं ५ टक्के दराने आजचं मूल्य सुमारे ५,७०० पौंड; आणि बुडणारं रेंट, साडेसहा टक्क्यांनी सुमारे ३,०५०. एकूण ८,७०० च्या आसपास. साडे-एकोणऐंशी वर्षं उरल्यावर हेच दोन भाग ९,२०० होतात. त्यावर, जुन्या लीजसकट फ्लॅटची किंमत पूर्ण किमतीच्या ९४ टक्के धरली, तर मॅरेज व्हॅल्यूचे ४,४०० आणखी. दीड-पावणेदोन वर्षांच्या दिरंगाईची किंमत जवळजवळ पाच हजार पौंड!

फ्रीहोल्डरचा प्रस्ताव स्वस्त दिसतो, पण त्यात फक्त पावणेअठरा वर्षं मिळतात आणि जुन्या लीजची उरलेली ८१ वर्षं २०० पौंड भरतच राहायचे. १९ वर्षांनी पुन्हा ८० ची रेषा. कायद्याच्या वाटेने उरलेल्या मुदतीत ९० वर्षं मिळवली जातात, म्हणजे १७१ वर्षं, आणि रेंट शून्य. हा सौदा स्वीकारू नका.

नव्या कायद्याबद्दल. २४ मे २०२४ ला मंजूर झालेल्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची आणि ९९० वर्षांच्या वाढीची तरतूद आहे. दोन वर्षांच्या मालकीची जुनी अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली, पण किंमत ठरवण्याचा भाग अजून लागू व्हायचा आहे. मुख्य मुद्दा असा की मॅरेज व्हॅल्यू तुम्हाला आजही लागत नाही. थांबून मिळालंच तर फ्रीहोल्डरच्या वकिलाचा खर्च वाचेल, जो आज तुम्हाला द्यावा लागतो. तो भाग वेळेत लागू झाला नाही तर वरचे पाच हजार अंगावर. लीजची ६५-७० वर्षं उरलेल्याला मी कदाचित थांबा म्हटलं असतं. तुम्हाला नाही.

पैसे एकदम लागत नाहीत. आधी सर्व्हेअर आणि सॉलिसिटर, मग फ्रीहोल्डरने मागितलं तर नोटिशीतल्या रकमेच्या १० टक्के डिपॉझिट. किंमत नोटिशीच्या तारखेच्या स्थितीवरून ठरते. मोठी रक्कम नवं लीज करताना, बऱ्याचदा सहा महिने ते वर्षाने. दोन्ही बाजूंचा व्यावसायिक खर्च साडेतीन ते साडेचार हजार धरा. एकूण तेरा हजारांच्या आत-बाहेर. म्हणून गृहकर्जात जादा भरणा आत्ता नको, बचत हवी तेव्हा काढता येईल अशा खात्यात ठेवा. उरलेले पाच हजार आणीबाणीला कमी वाटत असतील तर ठाण्याची ठेव उपयोगी पडेल, पण एनआरओतून पैसे आणायला सीएचा दाखला आणि बँकेचे कागद लागतात, ते आधीच सुरू करा.

चुका कुठे होतात? मुदत लीजमध्ये लिहिलेल्या आरंभ तारखेपासून मोजायची, खरेदीच्या तारखेपासून नाही. एजंटने सांगितलेल्या वर्षांवर विसंबू नका, लँड रजिस्ट्रीकडून (सरकारी मालमत्ता-नोंदणी) लीजची प्रत काढा. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर नोटीस दोघांच्याही नावाने जायला हवी. नोटिशीतली रक्कम हास्यास्पद कमी टाकली तर नोटीसच बाद होऊ शकते. प्रतिनोटिशीसाठी (तुमच्या नोटिशीला उत्तर) फ्रीहोल्डरला निदान दोन महिने द्यावे लागतात. प्रतिनोटीस आली आणि रक्कम जुळली नाही, तर ती आल्यापासून सहा महिन्यांत ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) अर्ज गेलाच पाहिजे. तो हुकला की नोटीस मागे घेतली असं धरतात, आणि पुढचे बारा महिने नवी देता येत नाही. तोवर तुम्ही ८० च्या खाली असाल. ही तारीख सॉलिसिटरवर न सोपवता स्वतःच्या कॅलेंडरमध्येही टाका.

मध्येच फ्लॅट विकायचा ठरला तर नोटिशीचा हक्क विक्रीबरोबरच खरेदीदाराच्या नावे करून द्यावा लागतो. नंतर करता येत नाही.