हिशेब-शंका: एप्रिल लागला म्हणून नवी कंपनी?

प्रश्न: वेंगुर्ल्यात आमचा छोटा काजू कारखाना आहे. १ एप्रिलला टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी ‘कंपनी’ (म्हणजे वेगळी हिशेबवही) उघडून जुन्या शिलका हाताने भरल्या. आता ताळेबंदात ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ (सुरुवातीच्या शिलकांतली तफावत) अशी मोठी रक्कम दिसते. अठरा बिलंही फाडून झालीत. काय करू?

उत्तर: नवी कंपनी उघडायची गरजच नव्हती. जुन्याच कंपनीत ऑल्ट+एफ२ दाबून मुदत १-४-२०२६ ते ३१-३-२०२७ केली की शिलका आपोआप पुढे येतात आणि उत्पन्न-खर्चाची खाती शून्यापासून सुरू होतात. मार्चची नोंद मे महिन्यात सुधारली तरी पुढचे आकडे लगेच बदलतात. दोन कंपन्यांत तीच दुरुस्ती दोनदा करावी लागते, आणि दुसऱ्यांदा करायची हमखास राहते.

तफावत कुठून आली म्हणाल, तर आधी तो आकडा जुन्या कंपनीच्या ताळेबंदातल्या ‘प्रॉफिट अँड लॉस अकाउंट’च्या शिलकेशी ताडून पाहा. नफ्याची ही ओळ उतरवायची राहणं ही नेहमीची चूक. तिथे जुळलं नाही तर आकड्याचा निम्मा करा आणि तेवढ्या शिलकेचं खातं शोधा. नावे (डेबिट) बाजूची रक्कम जमेला (क्रेडिट) पडली की तफावत बरोबर दुप्पट येते.

आता ऑल्ट+वाय मधून दोन्ही कंपन्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि जुन्या कंपनीत परता. बिलं टाकण्याआधी क्रमांक लावा: ‘आल्टर’, ‘व्हाउचर टाइप’, ‘सेल्स’, तिथे ‘अॅडिशनल नंबरिंग डिटेल्स’ला ‘येस’. ‘रीस्टार्ट’मध्ये १-४-२०२६, सुरुवात १, ‘इयरली’. ‘प्रीफिक्स’मध्ये (क्रमांकाआधी छापायचा मजकूर) त्याच तारखेपुढे २६-२७/ एवढंच. जीएसटीत बिल क्रमांक तिरप्या रेघेसकट १६ अक्षरांच्या आत लागतो, कारखान्याचं अख्खं नाव त्यात कोंबू नका. क्रमांक दरवर्षी आपसूक १ वर येतो, प्रीफिक्स मात्र येत नाही. त्याची नवी ओळ दर एप्रिलला घालावी लागते. गिऱ्हाइकाला दिलेल्या अठरा बिलांवर वेगळे क्रमांक असतील तर तेच कायम ठेवा आणि क्रमांकाची मांडणी त्यांच्याशी जुळवून घ्या. अठरा बिलं हातानेच पुन्हा टाका, एक्सपोर्ट-इम्पोर्टच्या भानगडीत पडू नका.

आणि माल मोजा. काजूबी वाळते, वजन घटतं, पण टॅलीत खरेदीचेच किलो राहतात. ३१ मार्चला वजन केलेलं असेल तर त्या तारखेचं ‘फिजिकल स्टॉक’ व्हाउचर (प्रत्यक्ष मोजलेल्या मालाची नोंद) टाका. बी, गर आणि टरफल वेगवेगळं.

प्रश्न: देवगडहून २९ मार्चला हापूसच्या पेट्या वाशीच्या अडत्याकडे पाठवल्या, पट्टी (अडत्याचा विक्रीचा हिशेब) ४ एप्रिलला आली. विक्री कुठल्या वर्षाची?

उत्तर: पट्टीवर विक्रीची तारीख बघा, पट्टी हातात पडल्याची नव्हे. ३१ मार्चपर्यंत विकल्या गेलेल्या पेट्या जुन्या वर्षात. उरलेल्या अडत्याकडे असल्या तरी माल तुमचाच. टॅलीत ‘वाशी’ नावाचं गोडाऊन करून त्या तिथे दाखवा. किंमत धरताना पेटी, गवत आणि ट्रकभाडं धरा. अडत (अडत्याचं कमिशन) मात्र विक्री झाल्यावरच.