मुलांनी मातीच्या वळ्यांपासून केलेले वाडगे वाळताना का तडकतात?

बहुतेकदा वळ्या, म्हणजे हाताने लाटलेल्या मातीच्या लांब दोऱ्या, नुसत्या एकावर एक रचलेल्या असतात. बाहेरून त्या तशाच दिसू द्या, पण आतून प्रत्येक वळी अंगठ्याने खालच्या वळीत ओढून सांधलीच पाहिजे. मुलांना नेमका याचाच कंटाळा येतो, म्हणून जास्त वेळ इथे द्या. वळी करंगळीएवढी जाड हवी. कड सुकायला लागली असेल तर काट्याने ओरखडे काढून पातळ चिखल लावा; नुसतं पाणी चोपडलं तर वाडग्याची भिंत खाली बसते. प्लास्टिकखाली, सावलीत हळूहळू वाळवा, पंख्याखाली मुळीच नको. मणिपूरच्या लोंगपी गावची काळी भांडीही कुंभाराच्या चाकाशिवाय घडवतात. त्यांचे फोटो वर्गात जरूर दाखवा, मुलांना फार हुरूप येतो.