भावाची किडनी पूर्ण जुळते, तरी औषधे कशासाठी?

प्रश्न : मला किडनी प्रत्यारोपण सुचवले आहे. पती किडनी द्यायला तयार होते, रक्तगटही जुळत होता, पण क्रॉसमॅच ही चाचणी पॉझिटिव्ह आल्याने डॉक्टरांनी नकार दिला. आता धाकट्या भावाची तपासणी झाली असून एचएलए जुळणी सहापैकी सहा आहे. तरीही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतील, असे सांगतात. असे का? मला दोन मुले आहेत.

उत्तर : मुलांचा उल्लेख आपण शेवटी केलात, पण पहिल्या नकाराचे कारण बहुधा तिथेच आहे. पेशी आपली की परकी, हे शरीर मुख्यतः तिच्या पृष्ठभागावरील एचएलए प्रथिनांवरून ओळखते. बाळाची निम्मी एचएलए जनुके वडिलांकडून आलेली असल्याने गर्भारपणात काही स्त्रियांच्या रक्तात त्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे अनेक वर्षे टिकू शकतात. क्रॉसमॅचच्या एका पद्धतीत रुग्णाच्या रक्तातील सीरम (पेशी वगळून उरणारा द्रव) दात्याच्या पांढऱ्या पेशींत मिसळतात. पेशी मेल्या, तर तीच अँटिबॉडी नव्या किडनीवरही तुटून पडेल, हे उघड होते. तो नकार म्हणजे आपल्याला मिळालेले संरक्षणच होते.

आता भावाविषयी. एचएलए जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने आई आणि वडील या दोघांकडून एकेक संच सहसा अखंडच मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांत दोन्ही संच सारखे असण्याची शक्यता २५ टक्केच असते, आणि आपल्या वाट्याला ती आली, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. मात्र ‘सहापैकी सहा’ म्हणजे सगळीच जनुके सारखी, असे नव्हे. इतर गुणसूत्रांवरील असंख्य जनुकांत आपल्या दोघांत फरक आहेत, आणि त्यांतून घडणारी प्रथिनेही, सौम्यपणे का होईना, परकी ठरू शकतात; म्हणूनच औषधे लागतात. भावाच्या वाय गुणसूत्रामुळे बनणारी काही प्रथिने तर आपल्या शरीरात मुळीच नाहीत. डॉ. जोसेफ मरे यांनी १९५४ साली बोस्टनमध्ये केलेल्या प्रत्यारोपणात अशी औषधे न देताही किडनी स्वीकारली गेली, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते.

औषधाच्या मात्रेतही आनुवंशिकतेचा भाग असतो. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध शरीरात किती वेगाने मोडते, हे बऱ्याच अंशी सीवायपी३ए५ या जनुकावर ठरते. ज्यांच्यात ते कार्यक्षम असते, त्यांना तेवढ्याच वजनाच्या इतरांपेक्षा जास्त मात्रा लागते, आणि ती कमी पडली तर उत्तम जुळलेली किडनीही धोक्यात येते. म्हणून आपल्या गोळ्यांची तुलना दुसऱ्या रुग्णाच्या गोळ्यांशी करू नये. औषधाची रक्तातील पातळी मोजायची असेल, त्या दिवशी सकाळची मात्रा रक्त दिल्यानंतरच घ्यावी. आधी घेतल्यास आकडा फुगतो आणि मात्रा चुकीने कमी केली जाऊ शकते.