एमजीबीचं इंजिन परत जोडताना टायमिंग चेनला काय लावायचं?

तुमची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1968 ची, इंजिन 1798 सीसी, सगळं उघडून झालंय आणि क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट फिरवणारी नवी दुहेरी चेन हातात आहे. ती कोरडी बसवायची, ग्रीस लावून की तेलात बुडवून, असा तुमचा प्रश्न.

तेलात. इंजिनात जे भरणार तेच, 20डब्ल्यू-50. मी चेन रात्रभर ताटलीत बुडवून ठेवतो आणि सकाळी तारेला टांगून निथळू देतो. ग्रीस नुसतं वरवर चिकटतं, पिना आणि बुशांच्या आत शिरत नाही. मॉलीची (मॉलिब्डेनमची) काळी पेस्ट कॅमचे उंचवटे आणि टॅपेटचे तळ यांच्यासाठी ठेवा, तिथे मात्र कंजुषी नको.

पण हे हाताने लावलेलं तेल पहिल्या मिनिटाचा सोबती. नंतर चेनला तेल मिळतं त्यात टेन्शनरचा, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाचा, वाटा मोठा. त्याच्या पाठीमागची बारीक नळी ब्लॉकच्या तेलाच्या भोकात बसते. तेलाच्या दाबाने टेन्शनरचा रबरी पॅड चेनवर रेलतो आणि पॅडमधल्या भोकातून तेल चेनवर येतं. लोक चेन निरखत बसतात आणि हे भोक बघतच नाहीत.

मीही बघितलं नव्हतं. इंग्लंडात लेस्टरला घरच्या गॅरेजात पहिलं इंजिन बांधलं, तेव्हा गळती नको म्हणून सगळीकडे सढळ हाताने सिलिकॉन थापलं. चालू केल्यावर पुढून कोरड्या रहाटासारखी करकर, आणि ती थांबेचना. चेनवरचं कव्हर काढलं तर नळीच्या तोंडाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा निळा गोळा! (आमच्या काकांच्या अँबॅसिडरचं 1489 सीसी इंजिन याच घराण्यातलं. त्यांचा मिस्त्री कागदी गॅस्केटला फक्त ग्रीसचं बोट फिरवायचा. उगीच हसायचो आम्ही त्याला.)

तेव्हा ब्लॉकचं आणि पॅडचं अशा दोन्ही भोकांतून हवेचा झोत मारा. पॅड आत घेऊन टेन्शनर बसवा, चेन चढवा आणि मगच 1/8 इंची अॅलन की घड्याळाच्या दिशेने फिरवून पॅड सोडा. उलटी फिरवायची नाही. क्रँकवरच्या ऑइल थ्रोअरवर (तेल उडवणाऱ्या चकतीवर) ‘एफ’ असेल तर ती बाजू बाहेर. कव्हरचे स्क्रू आधी सैल ठेवा, पुली सरकवून सील मध्यावर आणा, मग आवळा.

चालू करण्याआधी पंप तेलाने भरा, स्पार्क प्लग काढा आणि स्टार्टर थोडा थोडा मारत राहा, तेलाच्या गेजचा काटा उठेपर्यंत. पंधरा सेकंद मारायचा, मग स्टार्टरला दम खाऊ द्यायचा. सुरू झाल्यावर दोन-चार सेकंद चेन वाजली तर घाबरू नका, टेन्शनर भरतोय. त्यापुढे वाजली तर लगेच बंद करा आणि कव्हर काढा.